काम घटलं तर कारखाना कसा टिकवायचा: जॉबवर्क करणाऱ्या छोट्या युनिटसाठी

मोठ्या कंपनीने शेड्यूल (महिन्याची मागणी) कापलं की त्याची बातमी पेपरात येत नाही. भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोलीतल्या एखाद्या गाळ्यात ती ईमेलने येऊन पडते, बहुतेकदा महिना संपत आल्यावर. पुढच्या महिन्याच्या १,००० नगांचे ७०० झालेले असतात, कारण लिहिलेलं नसतं आणि खरेदी खात्यातला माणूस फोनवर "बघू, पुढच्या महिन्यात सुधारेल" एवढंच सांगतो. तो खोटं बोलत नसतो. त्यालाही माहीत नसतं.

हा लेख अशा सीएनसी-व्हीएमसीवर (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या मशीनवर) जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम, करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: चार सीएनसी, दोन व्हीएमसी, अकरा माणसं, भाड्याचा गाळा, मटेरियल गिऱ्हाइकाचं आणि महिन्याची विक्री जीएसटी सोडून ९ लाख. तुमचे आकडे वेगळे असतील. पद्धत तीच राहील.

आधी स्वतःचा आकडा काढा

काम कमी झालं म्हणून लगेच दर पाडायचे किंवा माणसं कमी करायची, याआधी एक दुपार कागद-पेन घेऊन बसा. मागच्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट समोर ठेवा आणि प्रत्येक खर्च दोनपैकी एका रकान्यात टाका: मशीन चालो न चालो लागणारा, आणि मशीन चाललं तरच लागणारा.

आपल्या उदाहरणात पहिल्या रकान्यात असं पडतं: भाडं ६०,००० रुपये, पगार २,२०,०००, मशीनचे हप्ते १,३०,०००, विजेचा स्थिर आकार १५,०००, अकाउंटंट-फोन-किरकोळ २०,००० आणि घरखर्चाची उचल ६०,०००. बेरीज ५,०५,०००. घरखर्च लिहायला अनेकजण विसरतात, किंवा लिहायला नको वाटतं. तो न लिहिता काढलेला नफा हा नफाच नसतो.

दुसऱ्या रकान्यात वापरलेल्या युनिटांची वीज, इन्सर्ट (धातू कापणारी टोकं), कूलंट (मशीन थंड ठेवणारं द्रव), टेम्पो, ओव्हरटाइम, रिजेक्शनचा भुर्दंड. हे सगळं मिळून ९ लाखांच्या विक्रीवर ३,१५,००० झालं, म्हणजे ३५ टक्के. शंभर रुपयांच्या कामातले ६५ रुपये स्थिर खर्च भागवायला उरतात. ५,०५,००० ला ०.६५ ने भागलं की ७.७७ लाख येतात. एवढी विक्री झाली तर ना नफा ना तोटा.

आता शेड्यूल ३० टक्के कापलं. विक्री ६.३ लाख, त्यातून उरले ४,०९,५००, खड्डा ९५,५०० रुपयांचा. दर महिन्याला. हा आकडा पाहून पोटात गोळा येतो हे खरं, पण आता निदान तो ९५,५०० आहे, "खूप वाईट चाललंय" नाही. पुढचं सगळं काम हा आकडा तुकड्या-तुकड्याने भरून काढण्याचं आहे.

तेरा आठवड्यांचा रोकड तक्ता

नफा-तोटा महिन्याचा असतो. चेक बाउन्स मात्र एखाद्या मंगळवारी होतो. म्हणून रोकड आठवड्यावार मांडायची. एक्सेल नसेल तर लांब वहीवर चालेल. डावीकडे बाबी, वर तेरा सोमवार.

पहिली ओळ हातातली रक्कम: चालू खात्यातली शिल्लक, अधिक बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) मर्यादेतला न वापरलेला भाग. त्याखाली येणी, गिऱ्हाइकाच्या नावाने. इथेच बहुतेकांचा तक्ता फसतो, कारण बिलावर लिहिलेली ४५ दिवसांची तारीख तशीच टाकली जाते. तसं न करता त्या गिऱ्हाइकाची मागची सहा पेमेंट काढा, बिलाच्या तारखेपासून पैसे जमा होईपर्यंत सरासरी किती दिवस लागले ते पाहा, आणि तेवढे दिवस धरा. रक्कम टीडीएस वजा करून लिहा. ज्याच्याबद्दल शंका आहे त्याच्यासमोर शून्य. आले तर बोनस.

मग देणी, त्यांच्या ठरलेल्या तारखांना: पगार, हप्ते, भाडं, वीज, १५ तारखेचा पीएफ आणि ईएसआय, मासिक रिटर्न भरत असाल तर २० तारखेचा जीएसटी. जीएसटी बिल काढलं की देय होतो, गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. काम घटलेल्या काळात मागच्या चांगल्या महिन्याचा जीएसटी भरायचा आणि त्या बिलाचे पैसे मात्र दोन महिन्यांनी यायचे, ही कात्री ठरलेली. गिऱ्हाइकाने पैसे दिले की त्यातली जीएसटीची रक्कम त्याच दिवशी वेगळ्या खात्यात वळती करा. कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ वापरून तर एक दिवसही धंदा चालवू नका. ते कापून न भरणं फौजदारी गुन्ह्यापर्यंत जातं.

दर सोमवारी सकाळी मागचा आठवडा खऱ्या आकड्यांनी भरा, शेवटी एक नवा आठवडा जोडा. वीस मिनिटांचं काम आहे. नवव्या आठवड्यात शिल्लक उणे दिसत असेल तर तुमच्या हातात दोन महिने आहेत, आणि दोन महिन्यांत बरंच काही करता येतं. तेच दोन दिवस आधी कळलं तर फक्त सावकार उरतो.

तक्त्याच्या खाली तीन ओळी आत्ताच लिहून ठेवा, डोकं शांत असताना. उदाहरणार्थ: हातातल्या ऑर्डरी तीन आठवड्यांपेक्षा कमी झाल्या की एक पाळी, रोकड आणि शिल्लक मर्यादा मिळून ५ लाखांखाली आली की त्याच आठवड्यात बँकेत, सलग दोन महिने विक्री ५.५ लाखांखाली गेली की एक मशीन विकण्याचा विचार. वेळ आली की या ओळींप्रमाणे वागायचं. त्या दिवशी नव्याने वाद घालत बसायचं नाही.

अडकलेला पैसा सोडवा

९ लाखांची विक्री आणि ७५ दिवसांची उधारी म्हणजे साडेबावीस लाख रुपये बाहेर. ते ६० दिवसांवर आणले तर साडेचार लाख मोकळे होतात, बिनव्याजी. कुठलंही कर्ज शोधण्याआधी इथे हात घालावा.

पैसे का अडकतात याचं खरं कारण शोधा. "कंपनी पैसे देत नाही" असं आपण म्हणतो, पण बिल घेऊन त्यांच्या अकाउंट्सच्या टेबलापर्यंत गेलं की निम्म्या वेळा भलतंच निघतं. पीओवरचा (खरेदी-आदेशावरचा) लाइन नंबर बिलावर नाही. दर बदलल्यावर पीओची सुधारित प्रत आलीच नाही आणि बिल नव्या दराने गेलं. डिलिव्हरी चलनावर २०० नग, त्यांच्या जीआरएनवर (माल मिळाल्याच्या नोंदीवर) १९६, चार नग क्यूसीने (तपासणी खात्याने) बाजूला काढलेले आणि त्याची डेबिट नोट कुणीच बनवलेली नाही, म्हणून अख्खं बिल "होल्ड". किंवा आपला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) उशिरा भरल्यामुळे ते बिल त्यांच्या २बी मध्ये (खरेदीच्या जीएसटी यादीत) दिसत नाही, आणि अकाउंट्सने पेमेंट थांबवून ठेवलंय.

म्हणून क्रम असा ठेवा. माल गेला त्याच दिवशी बिल. तिसऱ्या दिवशी स्टोअरला फोन: जीआरएन झाला का, नंबर काय. दहाव्या दिवशी अकाउंट्सला: बिल सिस्टीममध्ये चढलं का, देय तारीख कुठली दिसते. मासिक रिटर्न असेल तर जीएसटीआर-१ दर महिन्याच्या ११ तारखेच्या आत. देय तारखेच्या पाच दिवस आधी थकबाकीची यादी ईमेलने, त्यात बिल नंबर, पीओ नंबर, जीआरएन नंबर आणि रक्कम. हे काम मालकाने न करता ऑफिसातल्या एका माणसाने दर बुधवारी करावं. मालकाचा फोन दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवावा, तो रोज गेला की त्याचं वजन जातं.

कायदाही बाजूने आहे, तो नीट माहीत असावा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असेल तरी सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असं मानलं जातं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज. बँक रेट ६ टक्के धरला तर ते १८ टक्के होतं. शिवाय १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) म्हणून आलेल्या तरतुदीने, आकारणी वर्ष २०२४-२५ पासून, मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपन्यांचे सीए स्वतःच एमएसएमईची थकबाकी शोधायला लागतात. तेव्हा तुमचं उद्यम प्रमाणपत्र (एमएसएमई म्हणून नोंदणीचं) त्यांच्या फाइलला असलं पाहिजे. नोंदणी फुकट आहे, माल देण्याआधीची असलेली बरी, आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा. आणखी एक: खरेदीदाराने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) त्याला व्याजासह परत करावं लागतं. पाच महिने रखडलेल्या बिलाच्या आठवण-पत्रात हे एक वाक्य सभ्य भाषेत टाकलं की फोन येतो.

एमएसएमईच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन दावा दाखल करण्याचा मार्गही आहे. तो ज्याच्याकडून पुढे काम घ्यायचं नाही अशा गिऱ्हाइकासाठी ठेवावा. चालू गिऱ्हाइकावर दावा टाकून संबंध टिकतो असं मानणं भोळेपणाचं आहे.

तुमचं गिऱ्हाईक मोठी कंपनी असेल तर टीआरईडीएसबद्दल (बिलावर आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेबद्दल) विचारा. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना त्यावर नोंदणी बंधनकारक आहे. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट असे प्लॅटफॉर्म आहेत. कंपनीने बिल मान्य केलं की बँका त्यावर व्याजाची बोली लावतात, कंपनीच्या पतीवर, त्यामुळे दर तुमच्या सीसीपेक्षा बहुधा कमी पडतो. पुढे कंपनीने पैसे बुडवले तरी वसुली तुमच्याकडून होत नाही. अडचण एकच: नोंदणी असूनही अनेक कंपन्या बिलं मान्य करायला वेळ लावतात. तिथे खरेदी खात्याच्या मागे न लागता फायनान्सच्या माणसाला गाठावं.

दर किती पाडायचा

मंदीत सर्वात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही दोन्ही बाजूंनी.

पहिली चूक घाबरून दर पाडण्याची. गिऱ्हाईक म्हणतं, "१० टक्के कमी करा, नाहीतर काम दुसरीकडे." आपल्या उदाहरणात तास तेवढेच ठेवून दर १० टक्के उतरवला तर विक्री ८.१ लाख, चालू खर्च तोच ३.१५ लाख, उरले ४.९५ लाख, आणि ८०,००० च्या नफ्याचा १०,००० तोटा होतो. त्याऐवजी १० टक्के काम सोडलं असतं तर चालू खर्चही तेवढा उतरला असता आणि २१,५०० नफा राहिला असता. दर पाडून जुनी जागा गाठायची तर १८ टक्के जास्त काम हवं, आणि ते मंदीत कुठून येणार? शिवाय पाडलेला दर पुढच्या तीन वर्षांचा पाया बनतो.

दुसरी चूक याच्या उलट. काम कमी झालं की तासाचा खर्च वाढल्यासारखा दिसतो. चांगल्या महिन्यात २,१०० मशीन-तास विकले जात होते: स्थिर खर्च तासाला २४०, चालू खर्च १५०, एकूण ३९०, मिळत होते सरासरी ४३० च्या आसपास. आता १,४७० तास. तोच स्थिर खर्च तासाला ३४४ वर गेला, एकूण ४९४. काही जण हा ४९४ घेऊन कोटेशन देतात, काम मिळत नाही, तास आणखी घटतात, पुढचं कोटेशन आणखी महाग. असा कारखाना स्वतःच्याच हिशेबाने बंद पडतो.

मधला रस्ता असा. जुन्या गिऱ्हाइकाचा दर शक्यतो हलवू नका. दरापेक्षा दुसरं काही द्या: पॅकिंग, लहान लॉटमध्ये डिलिव्हरी, तपासणी अहवाल. फारच ताणलं तर पेमेंट ३० दिवसांत आलं तरच २ टक्के सूट, बिलावरच, आणि तारीख घालून. रिकाम्या तासांसाठी मात्र वेगळं काम वेगळ्या दराने घ्या. १५० रुपयांच्या वर जे मिळेल ते स्थिर खर्चाच्या खड्ड्यात पडतं. रिकामे ६३० तास ३०० रुपयांनी भरले तर ९४,५०० येतात, खड्डा जवळपास बुजतो. सगळे भरणार नाहीत. अटी तीन पाळा: गिऱ्हाईक वेगळं, मुदत तीन महिन्यांची आणि लेखी, आणि जुन्या गिऱ्हाइकाचं काम आलं तर ते आधी.

सेटअपचे (नव्या जॉबसाठी मशीन तयार करण्याचे) पैसे वेगळे लावायला हीच वेळ आहे. मंदीत लॉट लहान होतात. समजा सेटअप ९० मिनिटं, सायकल (एक नग कापायला लागणारा वेळ) ६ मिनिटं. १०० नगांच्या लॉटमध्ये सेटअपचा वाटा १३ टक्के. लॉट २५ चा झाला की तोच ३७ टक्क्यांच्या वर जातो; तासाला ४३० धरले तर नगामागे साडेसहा रुपये पडत होते तिथे २६ पडतात. नगाचा दर जुनाच ठेवून २५ चा लॉट घेतला तर मशीन दिवसभर चालू दिसतं आणि महिन्याअखेर हातात काही राहत नाही. कोटेशनमध्ये "सेटअप प्रति लॉट" ही ओळ स्वतंत्र घाला. कुणी नाकारली तर निदान मोठा लॉट मागण्याचं कारण मिळतं.

खर्च

यावर फार लिहिण्यासारखं नाही, कारण चहा आणि झेरॉक्स बंद करून ९५,५०० निघत नाहीत. मोठ्या चार बाबींकडेच पाहा. गाळामालकाला सहा महिन्यांसाठी १०,००० कमी मागा. रिकाम्या गाळ्यांचे फलक आजूबाजूला दिसत असतील तर तो ऐकतो. घरखर्च १५,००० ने आवळा. हप्त्यांची मुदत वाढवून ३०,००० कमी होतात का पाहा, व्याज एकूण जास्त जाईल हे समजून. किरकोळात ५,०००. झाले ६०,०००. उरलेले ३५,५०० भरायला ३०० च्या दराचे २३७ तास लागतील. ६३० तास भरणं डोंगर वाटतो. २३७ तास म्हणजे एक बऱ्यापैकी नवं गिऱ्हाईक.

विजेचं बिल एकदा नीट वाचा. मशीन बंद असली तरी करारातल्या मागणीवर आकार लागतोच. एक पाळी कायमची बंद राहणार असेल तर महावितरणकडे कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करायचा अर्ज करा. पण पुन्हा वाढवताना वेळ आणि पैसे दोन्ही जातात, म्हणून दोन महिन्यांच्या मंदीसाठी त्यात पडू नका. पॉवर फॅक्टरचा (वीज किती परिणामकारक वापरली याच्या मापाचा) दंड लागत असेल तर कपॅसिटर पॅनेल तपासा. मशीन कमी चालल्यावर ही गडबड हमखास होते.

इन्शुरन्स, कॅलिब्रेशन आणि मशीनचं तेल यांवर कात्री लावू नका.

माणसं

अकरा माणसांत दोन असतात ज्यांच्यावर कारखाना उभा असतो: एक मशीनवर जॉब बसवणारा सेटर आणि एक असा ऑपरेटर जो ड्रॉइंग वाचून प्रोग्रॅममध्ये हात घालू शकतो. ही दोन गेली की मंदी संपल्यावर मशीन आहे, काम आहे आणि चालवणारं कुणी नाही अशी गत होते. त्यामुळे क्रम असा: आधी ओव्हरटाइम बंद, मग नवी भरती बंद, मग पाळ्या कमी आणि सुट्या आलटून-पालटून, आणि कमी करण्याची वेळ शेवटी. किमान वेतनाच्या खाली जाता येत नाही, आणि कामगार कमी करण्याआधी लेबर कन्सल्टंटला विचारल्याशिवाय तोंडी काहीही बोलू नका.

त्यांच्यापासून लपवू नका. त्यांना तुमच्या आधी कळतं. स्टोअरमध्ये येणारे कच्च्या मालाचे क्रेट तेच मोजतात. महिन्यातून एकदा दहा मिनिटं सगळ्यांना एकत्र घ्या. किती तासांचं काम हातात आहे, पगार कोणत्या तारखेला होणार, काय बदलणार. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" हे वाक्य टाळावं, विशेषतः पगार उशिरा करणार असाल तर. पगाराची तारीख पाच दिवस पुढे जाणार असेल तर ती आधी सांगा आणि मग पाळा.

रिकाम्या वेळेत एरवी न होणारी कामं काढा. कूलंट टाकी रिकामी करून तळाचा चिखल आणि बुरादा काढणं, वर तरंगणारं तेल गाळणं, नव्या कूलंटचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने ५ ते ८ टक्क्यांत आणणं. वे-कव्हर काढून सफाई, बॉलस्क्रूचा बॅकलॅश (ढिलेपणा) मोजून नोंद. ज्या जॉबला ९० मिनिटांचा सेटअप लागतो त्याची जॉ आणि फिक्स्चर (नग पकडणारी साधनं) कायमची वेगळी करून, ऑफसेट लिहून, एका पेटीत ठेवली की बऱ्याच जॉबला तो तासाच्या आत येतो. वर लहान लॉटचं गणित मांडलं त्याला हेच खरं उत्तर आहे.

बँकेत कधी जायचं

हप्ता चुकण्याआधी. हप्ता चुकला की खातं एसएमए-० (बँकेच्या नजरेतलं अडचणीचं खातं) होतं, ३० दिवसांनंतर एसएमए-१, ६० नंतर एसएमए-२, ९० दिवस उलटले की एनपीए (थकीत कर्ज). प्रत्येक पायरीवर मॅनेजरच्या हातातली लवचीकता कमी होत जाते. तेरा आठवड्यांचा तक्ता, ऑर्डरींची यादी, थकबाकीची यादी घेऊन, अजून खातं स्वच्छ असताना गेलात तर बोलणं वेगळ्या सुरात होतं. रिझर्व्ह बँकेने मार्च २०१६ मध्ये २५ कोटींपर्यंत कर्ज असलेल्या एमएसएमईसाठी पुनरुज्जीवनाची चौकट घालून दिली आहे. धंदा अडचणीत येईल अशी रास्त भीती असेल तर उद्योजक स्वतःहून अर्ज करू शकतो, एनपीए होण्याची वाट पाहावी लागत नाही. शाखेत हे माहीत नसेल तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

सीसीवर लक्ष ठेवा. मर्यादा २० लाखांची असली तरी काढता येते ती ड्रॉइंग पॉवरइतकी (माल आणि येणी यांतून मार्जिन वजा करून उरलेली रक्कम), आणि बहुतेक बँका ९० दिवसांपेक्षा जुनी येणी त्यात धरत नाहीत. मार्जिन २५ टक्के धरलं तर ६ लाखांची बिलं ९० दिवस ओलांडून गेली की साडेचार लाखांची काढायची ताकद गेली, नेमकी गरज असताना. वसुलीची बुधवारची यादी यासाठीही. स्टॉक स्टेटमेंटमध्ये फुगवलेले आकडे देऊ नका. ऑडिटमध्ये ते जीएसटी रिटर्नशी ताडून पाहतात.

खासगीत शेकडा ३ म्हणजे महिन्याला ३ टक्के, वर्षाचे ३६. ज्या धंद्यात चांगल्या महिन्यात ९ लाखांवर ८०,००० उरतात तिथे हे व्याज कोणत्याच गणितात बसत नाही. मोबाइल ॲपवर मिनिटात मिळणारी कर्जंही बरीचशी याच जातीची. सोनं तारण ठेवायचंच तर बँकेत, आणि ठरावीक बिलाचे ठरावीक तारखेला येणारे पैसे समोर असतील तरच. घर गहाण टाकून तोटा भागवणं हा मार्ग नाही.

नवं काम कुठे

एकाच गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून जास्त विक्री येत असेल तर मंदी नसली तरी धोका आहे. वाटा ३५-४० टक्क्यांवर आणायचं धोरण ठेवा. ऑटोमोबाइलमध्ये नवा पार्ट मिळवायला सॅम्पल, मापं, पीपीएपी (पार्ट मंजुरीची कागदपत्रं), मंजुरी यात सहज चार-सहा महिने जातात; ते आत्ता सुरू करा, पण या तिमाहीचा खड्डा त्यातून भरणार नाही. लवकर पैसे देणारं काम दुरुस्तीचं आणि मेंटेनन्सचं: पंपाचे शाफ्ट, व्हॉल्व्हचे स्पिंडल, पॅकेजिंग मशीनचे सुटे भाग, औषध आणि खाद्य कारखान्यांतले स्टेनलेसचे बुश. एक-दोन नग, दर चांगला, घाई जास्त. कोल्हापूर-सांगलीकडे साखर कारखान्यांची दुरुस्ती गाळप बंद असताना निघते, साधारण एप्रिल-मे ते सप्टेंबर. काम भरपूर, पण पैसे हंगामाच्या तालाने येतात. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय मटेरियल स्वतःचं टाकू नका.

सरकारी खरेदीतला किमान २५ टक्के वाटा सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी आहे आणि अनामत रकमेतून सूट मिळते. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नाव नोंदवायला दोन-तीन दिवस जातात. लगेच ऑर्डरी येतील अशी अपेक्षा मात्र नको.

आठवड्याला पाच नवी चौकशी-पत्रं आणि दोन प्रत्यक्ष भेटी, एवढं पुरे. जाताना कंपनी प्रोफाइलपेक्षा तुमच्या गाळ्यात झालेले तीन अवघड नग आणि त्यांचे मापन अहवाल न्या. खरेदीवाला प्रोफाइल बाजूला ठेवतो, नग मात्र हातात घेऊन नखाने धार तपासतो.

डोकं ठिकाणावर

रात्री दोन वाजता हप्त्यांची बेरीज करत बसणारे पुष्कळ असतात. काळजीला सोमवारची सकाळ नेमून दिलेली आहे, तक्ता समोर घेऊन. बाकी वेळी तोच आकडा पुन्हा चघळून तो बदलत नाही. बाजाराच्या बातम्या दिवसातून एकदा. तुमच्या गिऱ्हाइकाच्या स्टोअरमधल्या माणसाला केलेला एक फोन व्यापार-युद्धावरच्या चर्चेपेक्षा जास्त सांगतो.

घरात सांगा. जोडीदाराने जामीनदार म्हणून सही केलेली असते आणि खरी परिस्थिती तिला किंवा त्याला बँकेच्या नोटिशीतून कळते, हे फार ठिकाणी घडतं. पुण्यातलं मराठा चेंबर, नाशिकचं निमा, छत्रपती संभाजीनगरचं सीएमआयए अशा संघटनांच्या बैठकांना काम नसताना जा. तिथे जुनी खोडं भेटतात ज्यांनी २००८ आणि २०२० दोन्ही पाहिलंय. त्यांच्याकडे उपदेशही भरपूर असतो, पण कोणती बँक ऐकते आणि कोणतं गिऱ्हाईक वेळेवर पैसे देतं हे तिथेच कळतं. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, सगळं संपवावंसं वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोला. मराठीतही बोलता येतं.

काम परत आल्यावर

गाळे बंद पडतात ते बऱ्याचदा मंदीत नाही, त्यानंतरच्या तिमाहीत. ६.३ लाखांवरून विक्री पुन्हा ९ लाखांवर गेली की इन्सर्ट, वीज, टेम्पो, ओव्हरटाइमचे जवळपास ९५,००० महिन्याला ताबडतोब जास्त लागतात, वाढीव बिलाचा जीएसटी पुढच्याच महिन्यात भरावा लागतो, आणि गिऱ्हाइकाचे पैसे येतात ७५ दिवसांनी. म्हणून पहिली मोठी ऑर्डर आली की आनंदाआधी तेरा आठवड्यांच्या तक्त्यात ती टाकून पाहा. मधल्या आठवड्यांत शिल्लक उणे जात असेल तर माल दोन टप्प्यांत, किंवा निम्मे पैसे ३० दिवसांत, हे ऑर्डर घेतानाच ठरवा. आणि रिकाम्या तासांसाठी ३०० रुपयांनी घेतलेल्या कामांची यादी काढून प्रत्येकाला मुदत संपण्याच्या तीन आठवडे आधी नव्या दराचं पत्र पाठवा. त्यातली निम्मी जातील. जी थांबतील ती पूर्ण दराची गिऱ्हाइकं.